लायनफिशला मेलेले खाद्य खायला शिकवताना : पुण्यातील एका घरगुती टाकीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

रात्री साडेआठच्या सुमारास लायनफिश, म्हणजे विषारी काटे असलेला समुद्री मासा, घरी आला. शेपटीसह लांबी अंदाजे ११ सेंटीमीटर, किंमत ४,५०० रुपये. माझे पती त्याला मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत घेऊन आले. विक्रेत्याने दुपारी साडेबारा वाजता पिशवी बांधली होती, आणि खंडाळ्याच्या घाटात गाडी बराच वेळ अडकल्यामुळे मासा एकूण आठ तास त्या पिशवीत होता.

पहिली चूक आजच झाली. गोड्या पाण्याच्या माशांची मला जी सवय होती, तीच इथेही लागू पडेल असे समजून मी पिशवी उघडली, पाणी बादलीत ओतले आणि टाकीतले पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडत दोन तास वाट पाहिली. जवळच्या प्रवासातून आलेल्या माशासाठी ही पद्धत चालते. आठ तास बंद राहिलेल्या माशासाठी ती अपायकारक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होते, त्यामुळे माशाने उत्सर्जित केलेला अमोनिया बहुतांशी कमी विषारी अशा अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होऊ लागते. मी मासा दोन तास नेमक्या त्याच पाण्यात ठेवला. शेवटी त्या पाण्याची चाचणी केली तेव्हा नळीतला रंग ४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत चार भाग) खुणेपेक्षाही गडद हिरवा होता. माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला शंभराच्या वर गेली होती.

मासा क्वारंटाइन टाकीत (नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवायच्या टाकीत) सोडताना जाळी वापरली नाही. लायनफिशचे काटे जाळीत अडकतात, ते सोडवताना माशाचे पंख फाटतात आणि आपल्या हाताला धोका होतो. पारदर्शक प्लास्टिकचा रुंद तोंडाचा डबा पाण्याखाली धरून माशाला हळूहळू त्यात वळवले आणि डब्यासह उचलले. आजच्या दिवसात एवढीच एक गोष्ट बरोबर झाली.

३ फेब्रुवारी

पहाटे पाच वाजता उठून पाहिले. मासा तळाशी पीव्हीसीच्या पाइपला टेकून होता, पण श्वास मिनिटाला साठ-सत्तरवर आला होता.

काल रात्री आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. पिशवीतल्या पाण्याची क्षारता (खारटपणा; मी तो विशिष्ट गुरुत्वाने मोजते) १.०१७ होती आणि माझ्या टाकीची १.०२५. परजीवी आटोक्यात राहावेत आणि मिठाचा खर्चही वाचावा म्हणून अनेक विक्रेते क्षारता कमी ठेवतात, हे मला ठाऊक होते. तरीही फोन करून आकडा विचारण्याचे सुचले नाही. क्षारता उतरणे मासे बऱ्यापैकी सोसतात, पण ती चढणे त्यांच्या शरीराला जड जाते. म्हणून रात्रीच १०० लिटरच्या क्वारंटाइन टाकीतून २० लिटर पाणी काढून तेवढेच आरओचे साधे पाणी, टाकीच्या तापमानाला आणून, हळूहळू घातले. क्षारता १.०२० वर आली. आता रोज ०.००१ याप्रमाणे पाच दिवसांत ती १.०२५ वर नेईन.

जो कोणी बाहेरगावाहून मासा आणणार असेल त्याने आधी विक्रेत्याकडून क्षारतेचा आकडा घ्यावा, क्वारंटाइन टाकी त्याच आकड्यावर तयार ठेवावी, पिशवी न उघडता ती टाकीत तरंगवून तापमान जुळवावे आणि मग पिशवी फोडून मासा लगेच टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी मात्र टाकीत जाऊ देऊ नये.

५ फेब्रुवारी

मासा अजून काही खाल्ल्याशिवाय आहे. मीही अजून काही दिलेले नाही. तोवर टाकीची माहिती लिहून ठेवते.

मुख्य टाकी ४ × २ × २ फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे ४५० लिटर. दगड, पाणी आणि काच मिळून वजन ६०० किलोच्या घरात जाते, म्हणून ती बैठकीच्या खोलीत खाली तुळई असलेल्या भिंतीलगत ठेवली आहे. टाकी आणि लोखंडी स्टँडचे ३८,००० रुपये, प्रोटीन स्किमरचे (पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राचे) १४,०००, आरओ-डीआय यंत्राचे ९,५०० रुपये झाले. आमच्या इमारतीत नळाचे पाणी खडकवासल्याचे, पण आठवड्यातून एक-दोनदा टँकर येतो. नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ९० आणि टँकरच्या पाण्याचा ४८० इतका फरक मी मोजला, तेव्हा आरओशिवाय पर्याय नाही हे स्पष्ट झाले.

डिसेंबरच्या मध्यापासून टाकी अमोनियम क्लोराइड घालून सायकल केली, म्हणजे अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू तिच्यात वाढवले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर यायला साडेपाच आठवडे लागले. टाकीत खरे प्रवाळ नाहीत. भारतात प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे त्यांची खरेदी-विक्री किंवा ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे. माझ्या टाकीत सिमेंट आणि वाळूचे घडवलेले दगड आहेत. लायनफिशला त्याने काही उणे पडत नाही. त्याला दिवसा लपायला एक ओणवा कोनाडा लागतो, तेवढे पुरते.

मासा कोणत्या जातीचा आहे याविषयी: विक्रेत्याने ‘व्होलिटन’ म्हणून दिला. टेरॉइस व्होलिटन्स आणि हिंदी महासागरातला टेरॉइस माइल्स या जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की बाजारात दोघांनाही तेच नाव चालते. दोन्ही ३५ सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. सांभाळण्यात फरक नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

क्षारता १.०२५. अमोनिया शून्य. श्वास सावकाश.

दुपारी बारा वाजता सोललेल्या कोळंबीचा तुकडा बांबूच्या काडीला टोचून पुढे केला. मासा मागे सरकला आणि पाइपच्या आड गेला. तुकडा अर्धा तास त्याच्यासमोर हलवत राहिले. शेवटी तो काढून टाकला.

काय चुकले ते आता दिसते. लायनफिश मुख्यतः संधिप्रकाशात शिकार करतो, आणि मी भर दुपारी, दिवे लावून, वरून वाकून, त्याच्या डोळ्यांना ठळक दिसेल अशी जाड तपकिरी काडी त्याच्याकडे रोखली होती. शिवाय विक्रेत्याकडे तो फक्त जिवंत गप्पी मासे खात होता. न हलणारी वस्तू म्हणजे अन्न ही कल्पनाच त्याला नाही. त्याला सगळे नव्याने शिकवायचे आहे, आणि हाच या प्रकल्पाचा मुख्य भाग ठरणार असे दिसते.

११ फेब्रुवारी

नऊ दिवसांचा उपवास झाला. मोठा लायनफिश अनेक आठवडे उपाशी राहू शकतो, पण हे पिल्लू आहे, आणि डोक्यामागे पाठीवरचे मांस थोडे बसलेले वाटले. म्हणून आज जिवंत खाद्य दिले.

जिवंत म्हणून काय द्यावे याचा निर्णय मी जानेवारीतच घेतला होता. दुकानात स्वस्त मिळणारे छोटे गोल्डफिश अनेकजण देतात. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचे विकर असते. ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते, आणि सतत तेच खाणारा मासा पुढे भूक गमावतो, तोल जाऊन पोहू लागतो. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशांच्या चरबीची घडण समुद्री माशाच्या गरजेला पुरत नाही. मॉली या छोट्या माशाचे तसे नाही. ती खाऱ्या पाण्यात जगू शकते, त्यामुळे खाल्ली गेली नाही तरी टाकीत मरून पाणी बिघडवत नाही, आणि तिला आधी समुद्री माशांचे दाणेदार खाद्य भरपूर खाऊ घालून मग दिले तर तिच्या पोटातले पोषण लायनफिशला मिळते. मी बारा छोट्या मॉली, प्रत्येकी १५ रुपयांना, जानेवारीत आणून एका दिवसात हळूहळू समुद्री पाण्यावर आणल्या होत्या आणि तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या होत्या.

संध्याकाळी साडेसहाला खोलीतला दिवा मालवून फक्त स्वयंपाकघरातला उजेड येऊ दिला आणि दोन मॉली सोडल्या. त्यानंतर जे पाहिले ते शब्दांत नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. मासा पाइपच्या आडून बाहेर आला, दोन्ही बाजूंचे मोठे पंख त्याने पूर्ण पसरले आणि मॉलीला त्या पंखांच्या भिंतीने टाकीच्या कोपऱ्यात रेटत नेले. मग तो जवळजवळ स्थिर झाला. तोंडातून पाण्याची बारीक फुंकर आली, मॉलीने तिकडे तोंड वळवले, आणि पुढच्या क्षणी मॉली तिथे नव्हती. हे इतके झटकन घडले की माझी लेक शेजारी उभी असूनही तिला दिसले नाही.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की त्याला भूक आहे, नजर तल्लख आहे आणि त्याचे सगळे लक्ष हालचालीकडे असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस काही दिले नाही. आज मॉली बर्फाच्या पाण्यात न टाकता, लवंग तेलाच्या पाण्यात शांत करून मग मारली, स्वच्छ धुतली आणि बांबूच्या काडीला टोचून संध्याकाळच्या त्याच वेळी, त्याच अंधूक उजेडात, त्याच कोपऱ्यात धरली.

या वेळी तो पुढे आला. मान किंचित तिरकी करून पाहिले, फुंकर मारली, मॉलीच्या शेपटीमागे चार बोटे सरकला आणि झडप घातली. पण घेतल्याबरोबर थुंकली. पुन्हा धरली, पुन्हा थुंकली. तिसऱ्या वेळी तो फिरला आणि पाइपमागे गेला.

काडी काढून पाहिली तेव्हा टोक मॉलीच्या अंगातून पलीकडे बाहेर आले होते. झडप घालताना ते त्याच्या टाळूला टोचले असणार. तोंडाला इजा झालेला मासा पुढे काडी दिसताच लपेल, ही भीती खरी आहे. बांबूच्या काड्या त्याच क्षणी बाजूला ठेवल्या. उद्या मत्स्यालयाच्या हवेच्या नळीची जी कडक, पारदर्शक आवृत्ती मिळते ती आणते. तिचे टोक कानशीने घासून गोल करायचे आणि त्यात एक उभी चीर पाडायची, म्हणजे खाद्य चिमटीत धरल्यासारखे अलगद राहील आणि ओढताच सुटेल. खर्च ४० रुपये.

लवंग तेलाच्या बाबतीत: त्या मॉलीला तेलाचा वास राहिला असेल आणि थुंकण्याला तेही कारण असू शकते. पुढच्या वेळी दुसरा मार्ग वापरीन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहा ते दुपारी साडेचार वीज नव्हती. मी कार्यालयात होते. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. त्यांना फोनवर सांगून बॅटरीवरचा हवेचा पंप दोन्ही टाक्यांत सुरू करवला. ज्यांना लायनफिश ठेवायचा आहे त्यांनी ६०० रुपयांचा हा पंप माशाच्या आधी घ्यावा आणि घरातल्या किमान एका व्यक्तीला तो चालवायला शिकवून ठेवावे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज त्याने मेलेली मॉली खाल्ली.

मधल्या आठवड्यात १८ तारखेला एक जिवंत मॉली दिली होती, म्हणजे पाच दिवसांची भूक होती. आज युक्ती अशी केली की आधी एक जिवंत मॉली सोडली. तो तिच्यामागे लागला, पंख पसरले, सगळी शिकार रंगात आली, आणि नेमके तेव्हा पारदर्शक नळीच्या टोकावरची मेलेली मॉली त्याच्या तोंडापासून दोन बोटांवर, जिवंत मॉलीच्या बाजूनेच, थरथरवत नेली. हात सरळ हलवायचा नाही. मनगटाने बारीक थरथर द्यायची, मध्येच थांबायचे आणि नळी किंचित मागे घ्यायची, म्हणजे सावज पळते आहे असे दिसते. मागे घेणे हेच महत्त्वाचे ठरले. आतापर्यंत मी खाद्य त्याच्याकडे नेत होते, आणि सावज कधी शिकाऱ्याकडे चालून येत नाही.

त्याने घेतली, दोन क्षण तोंडात धरली आणि गिळली. मी पाणी सांडेपर्यंत टाळ्या वाजवल्या. जिवंत मॉली नंतर डब्याने उचलून परत ठेवली. ती पुढच्या वेळी कामी येईल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

या नोंदीत लिहिलेली चूक कोणी पुन्हा करू नये.

काल सकाळी माशाच्या डोळ्यांवर, पंखांवर आणि डोक्यावर दुधी साय धरल्यासारखा थर दिसला. तो मधूनमधून डोके झटकत होता, अंग पाइपला घासत होता. हा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग आहे असा मी तर्क केला आणि संध्याकाळी कार्यालयातून येताना प्रतिजैविक आणून टाकीत घातले. कोणाला विचारले नाही.

आज सकाळी तो थर फाटक्या पापुद्र्यासारखा सुटून पाण्यात तरंगत होता आणि खालचा मासा नवा रंग दिल्यासारखा लखलखीत होता. लायनफिश आणि त्याच्या कुळातले मासे ठरावीक काळाने अंगावरचा पातळ बाह्यथर टाकतात. त्यासोबत शेवाळ आणि चिकटलेले जीवही निघून जातात. हा आजार नव्हताच. आधीच्या दिवशी त्याने खाद्य घेतले होते आणि श्वास सामान्य होता, या दोन गोष्टींकडे मी पाहिले असते तर औषधाला हात लावला नसता.

औषधाचा परिणाम मात्र झाला. गाळणीतल्या स्पंजावरचे उपयोगी जिवाणू मेले आणि आज अमोनिया ०.५ पीपीएम निघाला. पाणी बदलायचे तर मिठाचे पाणी तयार नव्हते. मीठ नीट विरघळून पाणी स्थिर व्हायला कित्येक तास लागतात. रात्री अकरा वाजता अर्धे, म्हणजे ५० लिटर पाणी बदलता आले. उद्या पुन्हा ५०. मुख्य टाकीच्या सम्पमधला (गाळणीच्या जोडटाकीतला) जुना स्पंज इकडे आणून लावला आहे. यापुढे ५० लिटर मिठाचे पाणी झाकण लावून गच्चीलगतच्या खोलीत कायम तयार असेल.

यामुळे क्वारंटाइनचा काळ दोन आठवड्यांनी लांबला. थेट खर्च मीठ आणि औषध मिळून १,३५० रुपये.

७ मार्च, शुक्रवार

अमोनिया आणि नायट्राइट १ तारखेपासून दररोज तपासले. चार तारखेपासून दोन्ही शून्य.

मेलेली मॉली आता तो जिवंत सोबतीशिवाय घेतो. पुढची पायरी म्हणजे मॉलीच्या जागी बाजारातली मासळी. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून सकाळी लवकर जाऊन कोळंबी, माकुल आणि मुडदुशी आणली. बर्फात बुडवलेली, पण मीठ किंवा अन्य काही न लावलेली मासळी मागून घ्यावी लागते. मांदेली मुद्दाम घेतली नाही, कारण अँचोव्ही गटातल्या माशांत थायमिनेज आढळते आणि गोठवल्याने ते नष्ट होत नाही.

आमच्याकडे सासूबाई शाकाहारी आहेत, आणि घरातल्या फ्रिजमध्ये मासळी ठेवणे त्यांना रुचणारे नाही. ते योग्यच आहे. म्हणून वापरलेला छोटा डीप फ्रीझर ५,५०० रुपयांना घेऊन बाल्कनीत ठेवला. कापायची फळी, सुरी आणि डबेही वेगळे केले. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात नव्हता. पुण्यातल्या बऱ्याच घरांत तो धरावा लागेल.

कापण्याची पद्धत बरीच बदलत गेली. कोळंबीचे चौकोनी तुकडे त्याने नाकारले. मग कोळंबीचे शेपूट ठेवून, सोलून, उभा चिरलेला लांबट तुकडा दिला, तोही नाकारला. माकुलाची पातळ, एका टोकाला निमुळती पट्टी मात्र पाण्यात आपोआप फडफडते, आणि ती त्याने दुसऱ्याच संध्याकाळी घेतली. माकुलाची गोडी लागल्यावर त्याच पट्टीत कोळंबीचा तुकडा गुंडाळून दिला. मग माकुल कमी, कोळंबी जास्त. चार खेपांत कोळंबी एकटी चालू लागली. प्रत्येक खेपेपूर्वी तुकडा टाकीच्या पाण्यात वितळवून, माशांच्या जीवनसत्त्वाच्या द्रवात दहा मिनिटे ठेवते.

१६ मार्च, रविवार

सहा आठवडे पूर्ण. परजीवींचे पांढरे ठिपके नाहीत, श्वास नियमित, वजन भरलेले. आज मासा मुख्य टाकीत हलवला, पुन्हा त्याच डब्याने. उरलेसुरले खाद्य वेचण्यासाठी तीन आठवड्यांपूर्वी सोडलेली पट्ट्यांची क्लीनर कोळंबी संध्याकाळपर्यंत दिसेनाशी झाली. ८०० रुपयांची होती. तोंडात मावेल ते सर्व त्याचे अन्न आहे, हे मला माहीत होते. कोळंबी काढून ठेवायला मी आळस केला.

२३ मार्च, रविवार

आज काटा लागला.

काच पुसण्यासाठी उजवा हात टाकीत घातला होता. मासा पलीकडच्या कोनाड्यात झोपलेला पाहून मी निश्चिंत होते. दोन-तीन मिनिटांत तो माझ्या हाताशी येऊन उभा राहिला. सहा आठवडे हात आणि अन्न यांची गाठ मीच त्याच्या मनात बांधली होती, तेव्हा तो येणारच. मी दचकून हात मागे घेतला आणि पाठीवरचा एक काटा करंगळीच्या बाजूला घुसला. त्याने हल्ला केला नाही. काट्यावर हात मीच नेला.

लायनफिशला पाठीवर १३, पोटाखाली २ आणि गुदपंखाजवळ ३ विषारी काटे असतात. बाजूचे मोठे, देखणे पंख निरुपद्रवी असतात. विष प्रथिनांचे असल्यामुळे उष्णतेने निकामी होते. एका मिनिटात कळ मनगटापर्यंत आणि पाच मिनिटांत कोपरापर्यंत गेली. लेकीने पाणी गरम केले, थर्मामीटरने ४४ अंश सेल्सिअस पाहिले आणि मी हात त्यात बुडवून ठेवला. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या हाताने ठरवायचे नाही, कारण तो बधिर होऊन भाजू शकतो. दुसऱ्या हाताने किंवा थर्मामीटरनेच तपासायचे. पाणी निवू लागले की बदलायचे. पाऊण तासाने कळ पुष्कळ कमी झाली. त्यानंतर जवळच्या रुग्णालयात जाऊन जखम तपासून घेतली, काट्याचा तुकडा आत राहिलेला नाही याची खात्री करून घेतली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. श्वास घ्यायला त्रास, चक्कर किंवा अंगावर गांधी असे काही दिसले असते तर गरम पाण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे घरातल्या सर्वांना आज समजावून सांगितले.

दुरुस्ती दोन प्रकारची केली. टाकीच्या आत उभी सरकवता येईल अशी भोके पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पाटी करून घेतली, १,१०० रुपये; हात घालण्यापूर्वी मासा पाटीच्या पलीकडे. आणि खाद्य यापुढे फक्त डाव्या कोपऱ्यात, छोटा निळा दिवा लावल्यानंतर, ४० सेंटीमीटर लांब नळीनेच. दिवा नाही म्हणजे अन्न नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवे.

३० मार्च, गुढीपाडवा

सणाच्या गडबडीत माशाला दोनदा खाद्य गेले. संध्याकाळी मी दिले, आणि मी सासूबाईंबरोबर देवदर्शनाला गेले असताना पतींनी, तो काचेशी येऊन सारखा याचना करतो म्हणून. रात्री दहाला पोट चेंडूसारखे फुगले होते. साडेअकराला त्याने अर्धवट पचलेली कोळंबी बाहेर टाकली. ती लगेच नळीने ओढून काढली.

लायनफिश दिसेल तितके खातो. खाल्ल्यानंतरही तो काचेशी येतो, म्हणून त्याचे येणे हे भुकेचे लक्षण मानू नये. अति खाद्याने त्याच्या यकृतात चरबी साठते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा मासा एके दिवशी मेलेला सापडतो. टाकीशेजारी दोरीने एक वही बांधली आहे. ज्याने खाद्य दिले त्याने तारीख आणि तुकड्यांची संख्या लिहायची. आजची ओळ कोरी असेल तरच द्यायचे. सध्या एक दिवसाआड, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढ्या रुंदीचे दोन तुकडे. वीस सेंटीमीटरच्या पुढे गेला की आठवड्यातून दोनदा पुरेल.

२० एप्रिल, रविवार

दुपारी खोलीत ३६ अंश, टाकीत ३०.२. लायनफिशला २४ ते २७ योग्य. दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले. एप्रिलच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते आणि तापमान अडीच अंशांनी उतरले. त्याबरोबर रोज आठ-नऊ लिटर पाणी उडू लागले आणि तीन-चार दिवसांच्या दुर्लक्षाने क्षारता १.०२७ झाली. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी साधे आरओचे पाणी घालायचे, मिठाचे नाही, कारण मीठ उडत नाही.

पंख्यांवर मे महिना निभणार नाही असे वाटून ३१,००० रुपयांचा पाव अश्वशक्तीचा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेतला. तो डिसेंबरातच घ्यायला हवा होता. टाकीची जागा ठरवताना त्याच्या गरम हवेला वाट ठेवली असती तर आता सोफा हलवावा लागला नसता.

१८ मे, रविवार

लांबी १६ सेंटीमीटर. काचेवर बाहेरून चिकटवलेल्या पट्टीवर, तो तिच्याजवळ स्थिर असताना पाहिली. नायट्रेट १५ पीपीएम, दर पंधरवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलून. अंगाचा थर त्यानंतर आणखी दोनदा टाकला. दोन्ही वेळा मी फक्त पाणी तपासले आणि वाट पाहिली.

एप्रिलच्या सुरुवातीपासून त्याने एकही जिवंत मासा खाल्लेला नाही. कोळंबी, माकुल, मुडदुशी आणि तिसऱ्यांचे मांस आलटून पालटून चालते. निळा दिवा लावला की तो डाव्या कोपऱ्यात येतो. पाटी सरकवून हात घातला तर कोनाड्यातून हलतही नाही. आज पहिल्यांदा नळीही लागली नाही. मुडदुशीचा तुकडा पाण्यावर टाकला, पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तो गोल फिरत खाली येऊ लागला, आणि त्याने तो मध्येच टिपला.

बारापैकी पाच मॉली शिल्लक आहेत. त्या सम्पमध्ये राहतात, दगडावरचे शेवाळ खातात, आणि गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकीला पिले झाली. सम्पच्या पंपाच्या तोंडाला त्यांच्यासाठी काल बारीक जाळी लावली.